मधला डबा

काकासाहेबांनी हजेरीपट माझ्याकडं फिरवला, एका ओळीखाली नखानं रेघ ओढली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन वर्षांपासून गैरहजर हायेत."

काकासाहेब म्हणजे आमच्या शाळेचे कारकून. शाळेला आग लागली तर ते आधी तिला आवक क्रमांक टाकतील आणि मग पाणी मागवतील, असा निवांत माणूस. मी त्यांना सगळं परत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चौथी 'ब'वर मी पाच महिने बदली शिक्षिका होते, बाळंतपणामुळं सोडलं, आणि आता सहावी 'क'च्या सोनवणे मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून मुख्याध्यापिकांनी मला नऊ दिवसांसाठी बोलावलंय.

"ते खरंच हाये," काकासाहेब म्हणाले. "पण सोडलं म्हणता, ते कुठं सोडलं? कार्यमुक्तीचा कागद नाय. चार्ज दिल्याची सही नाय. जो माणूस गेलाच नाय, त्याला परत रुजू कसं करून घ्यावं?"

म्हणजे कागदोपत्री मी अजून चौथी 'ब'तच होते. खरं सांगायचं तर मला यात काही चूक दिसेना. दोन वर्षं लेकीला मांडीवर थोपटताना मी त्या वर्गाची हजेरी कितीदा मनातल्या मनात घेतली असेल. पुढं पुढं मोठ्यानंच. एकोणचाळीस नावं. मला अंगाईगीतं पाठ नाहीत, त्यामुळं आमची गोदा हजेरी ऐकत झोपायला शिकली. 'तन्वीर' या नावापाशी तिचा डोळा लागायचा. तो रोज उशिरा येणारा मुलगा. त्या नावापाशी थोडं थांबायची मला सवयच होती.

(गोदा म्हणजे गोदावरी. सासूबाई पैठणच्या. लोक नाव ऐकून आधी "काय?" म्हणतात आणि मग "छान आहे, जुनं आहे" म्हणतात. हे एकदा सांगून टाकलेलं बरं.)

मुख्याध्यापिकांनी मार्ग काढला. आज रुजू व्हा, नऊ दिवसांत जुना चार्ज पूर्ण करा. काकासाहेबांनी यादी हातात ठेवली. पृथ्वीचा गोल एक, नकाशे तीन, लाकडी डस्टर दोन, लोखंडी कपाट एक, कपाटाची किल्ली एक. सगळ्या वस्तू कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडं.

"दोनदा फोन केला होता मी," काकासाहेब म्हणाले. "तुमच्या घरचे म्हणले, तिला ताण द्यायचा नाय."

हे अगदी शक्य आहे. तेव्हा डॉक्टरांनी एकदम 'पडून राहा' सांगितल्यावर राजकुमारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझा फोन ताब्यात घेतला आणि शाळेचा नंबर 'ताण' या नावानं सेव्ह करून ठेवला. अजूनही शाळेतून फोन आला की पडद्यावर 'ताण' असंच येतं. मी बदललं नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

"कुलूप तोडलं नाही कुणी?"

"सरकारी यादीतल्या कपाटाचं कुलूप असं तोडता येत नाय. परवानगी मागितलीय."

"कधी?"

"तेव्हाच. आली की तोडू."

सहावी 'क' दुसऱ्या मजल्यावर. माझी चौथीची एकोणचाळीस मुलं पाचवीत गेल्यावर शाळेनं पत्ते पिसावेत तशी पिसली आणि तीन तुकड्यांत वाटली. 'क'मध्ये माझी तिघंच आली होती: जन्नत, माऊली आणि श्रेया. तन्वीर कुठल्याच यादीत नव्हता. त्याच्या वडलांना चितेगावला कंपनीत काम लागलं आणि घर तिकडं गेलं.

मी तयारीनं गेले होते. माऊली जिच्या पदराला हात पुसायचा, तीच निळी साडी. पोरं धावत येतील, मग मी "अरे हळू, हळू" म्हणेन, असा सगळा प्रसंग मी बसवलेला होता. "हळू" किती हळू म्हणायचं, हेही स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं होतं.

वर्ग उभा राहिला. "गुड आफ्टरनून, मॅडम."

खालच्या वर्गांत बाई आणि वरच्या वर्गांत मॅडम, ही आमच्या शाळेची रीत मला माहीत आहे. तरी तो शब्द कानाला थंड लागला. जन्नत दुसऱ्या बाकावर होती, उंच झालेली, डोक्यावर पांढरी ओढणी. श्रेयाला चष्मा लागला होता. माऊलीला पुढचे दात आले होते. तिघं माझ्याकडं बघत होती ती अशी, जशी स्टँडवर माणसं दुसऱ्याच गावाच्या एसटीकडं बघतात.

शेवटी माऊलीनं हात वर केला.

"मॅडम, तुमचं नाव फळ्यावर लिहा ना. म्हणजे आम्हाला कळंल."

मी लिहिलं, सौ. औताडे. 'डे'ला खडू मोडला.

हे मी घरी कुणालाही सांगणार नव्हते, त्यामुळं तासाभरात सगळ्या बिल्डिंगला कळलं. शेजारच्या मालनबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्यात. त्या लसूण सोलत म्हणाल्या, "पोरं वळखत नसत्यात, बाई. परवा सिग्नलला एकानं मला हॉर्न मारला. 'मावशे, बाजूला व्हय.' त्याला नाक शिंकरायला मी शिकवलंय." मग पुढची पाकळी उचलून म्हणाल्या, "नाक मात्र स्वच्छ होतं त्याचं."

खालच्या मजल्यावरच्या निजामुद्दीनचाचांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. ते जिन्यात उभे होते. "बेटा, बच्चे भूलते नहीं. रूठते हैं."

"तुमाला काय म्हाईत रुसणं?" मालनबाई म्हणाल्या. "तुमचे स्पीकर रुसतेत का?"

"रोज," चाचा म्हणाले.

सहा दिवस असेच गेले. मी विचारलेल्या प्रश्नाला तिघंही उत्तर देत, बरोबर देत, आणि खाली बसत. वही तपासून परत दिली की "थँक्यू मॅडम". इतकी शिस्तीची मुलं मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि मला ती मुळीच आवडली नाहीत. एकदा मी मुद्दाम श्रेयाच्या बाकापाशी जाऊन चौथीतलं तिचं लाडकं कोडं घातलं. तिनं शांतपणे उत्तर सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

सातव्या दिवशी, बुधवारी, मधल्या सुट्टीत जन्नत टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमचा डबा."

मी टेबलाखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं. "हरवला का? कसला होता?"

"स्टीलचा. मधला."

श्रेयानं मागून तिची बाही ओढली. "जन्नत, आपलं ठरलंय ना."

"तुझ्या नुसत्या वाट्या आहेत आत. माझा डबा आहे."

"काय ठरलंय?" मी विचारलं.

गुपित ठेवणं माऊलीला चौथीतही जमायचं नाही. "तुमच्याशी बोलायचं नाय असं ठरलंय," तो म्हणाला. "म्हणजे अभ्यासाचं बोलायचं. बाकी नाय."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. त्या नोव्हेंबरात मला सातवा महिना होता. पदर सैल सोडला की पोरांना काही कळत नाही, असा माझा समज होता. पोरांनी माझं डोहाळजेवण ठरवलं होतं. शनिवारी, शाळा सुटायच्या आधी. श्रेयानं आजीला विचारून रीत आणली: हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, धनुष्यबाण आणि झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बाईंनी पेढ्याची उचलली तर मुलगा, बर्फीची उचलली तर मुलगी. जन्नत म्हणाली, सातव्या महिन्यात आमच्यात पण करतात, आणि अम्मीकडून डबाभर नानखटाई करून आणली. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत हे सगळं त्यांनी वर्गाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, नकाशांच्या मागं लपवलं. शाळा सुटताना मी रोजच्यासारखं कपाटाला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि "उद्या भेटू रे" म्हणून घरी गेले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला आडवं केलं. रविवारी मी माहेरी, सिल्लोडला.

"आम्ही शनिवारी साडेसातच्या आधी आलो होतो," जन्नत म्हणाली. "तन्वीरसुद्धा वेळेवर आला होता."

तिनं ओढणी सारखी केली.

"अम्मीच्या लग्नातला तीन डब्यांचा सेट आहे. एकात एक बसतात. मधला कपाटात राहिला. आता छोटा मोठ्यात खडखडतो. अम्मी डबा काढते तेव्हा दर वेळी माझ्याकडं बघते."

घंटा झाली. पुढचा तास गणिताचा होता. मी त्यांना अपूर्णांक शिकवले.

आता किल्लीबद्दल. काकासाहेबांना मी "शोधते" म्हणाले होते, ते खोटं होतं. किल्ली कुठं आहे हे मला नेमकं माहीत होतं. गोदाच्या तोंडात. सहा महिन्यांची असताना तिला ती माझ्या पर्समध्ये सापडली, लोखंडी कडीत अडकवलेली, लाल फितीची. तिचे दात त्या किल्लीवर आले. आम्ही खुळखुळे आणले, रबराचं बदक आणलं. तिनं ढुंकून पाहिलं नाही. किल्ली मुठीत आणि हजेरी कानात, तेव्हा कुठं झोप. शाळेची वस्तू परत द्यायला हवी हे मला कळत होतं. पण ती दिली की सगळं संपलं असं वाटायचं, म्हणून राहिली. असं कारण काकासाहेबांच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही.

बुधवारी मी ठरवलं, उद्या किल्ली न्यायचीच. आणि गुरुवार निघाला पाण्याचा.

आठवड्यातून एकदा नळ येतो, त्या सकाळी आमच्या बिल्डिंगला लग्नघराची कळा असते. हौदाचं झाकण उघडं, सासूबाई मोटरपाशी, मी एका हातात पाइप आणि कडेवर गोदा अशी वाकून पाणी किती आलं बघत होते. गोदाही वाकली. तिला पाण्यात दुसरी गोदा दिसली. आमच्या मुलीचा स्वभाव उदार आहे. तिनं दुसरीला किल्ली दिली.

"तावी गेली," असं आधी तिनं शांतपणे जाहीर केलं. मग जो सूर लावला, त्यानं तिसऱ्या मजल्यावरची माणसंही खाली आली.

"हौद उपसा," मालनबाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी स्वतःच जीभ चावली. राजकुमार म्हणाला, "डुप्लिकेट करून घेऊ." कशावरून, असं मी विचारल्यावर तो मोटरकडं बघायला गेला. सासूबाई म्हणाल्या, "आता ते पाणी गाळून प्या सगळे," आणि त्या दिवशी तेवढा एकच सल्ला उपयोगाचा निघाला.

निजामुद्दीनचाचांनी मोठ्या स्पीकरचं चुंबक पायजम्याच्या नाडीला बांधून आणलं.

"किल्ली पितळंची हाये," मालनबाई म्हणाल्या. "चिकटंल का?"

"किल्ली नहीं चिपकती. छल्ला लोहे का है, वो चिपकेगा."

पहिल्यांदा एक बोल्ट आला. दुसऱ्यांदा मालनबाईंचा लोखंडी झारा. तो तीन वर्षांपूर्वी हरवला होता आणि त्यावरून त्यांनी माझ्या सासूबाईंशी सहा महिने बोलणं टाकलं होतं. झारा पाणी गाळत वर आला, तशा दोघीजणी मोठ्या मन लावून टाकीच्या पाइपाकडं बघायला लागल्या. तेवढ्यात मालनबाई म्हणाल्या, "चहा टाकते. ये गं." सासूबाई गेल्या.

किल्ली अकरा वाजून पन्नास मिनिटांनी वर आली. शाळा बाराची. गोदानं किल्ली अशी धरली की मूठ उघडेना, त्यामुळं मूठ, गोदासकट, शाळेत न्यावी लागली. दोन वर्षं गैरहजर असलेल्या बाईला त्या दिवशी वीस मिनिटांचा लेटमार्क लागला.

शाळा सुटल्यावर आम्ही चौथी 'ब'च्या वर्गात जमलो. काकासाहेब यादी घेऊन, शिपाई कडुबा खोबरेल तेलाची बाटली घेऊन, आणि ती तिघं दाराशी, अजून न बोलणारी. बाक किती लहान होते. मला ते एवढे लहान आठवत नव्हते.

कडुबानं कुलपात तेल सोडलं. मी गोदाचा हात धरला, गोदानं किल्ली धरली होती, आणि कपाट कुरकुरत उघडलं. आतून खडूचा, मुंग्यांचा आणि जुन्या साखरेचा वास आला.

काकासाहेब वाचायला लागले, "पृथ्वीचा गोल, एक." नकाशे निघाले. नकाशांच्या मागं हिरव्या बांगड्या तशाच, कागदात. कागदी फुलांचे हार पांढरट पडलेले. धनुष्य मधोमध मोडलेलं. पालथ्या दोन वाट्या. स्टीलचा डबा, आणि डब्यात मुंग्यांनी शिल्लक ठेवलेलं चिमूटभर पीठ. एका कंपासपेटीत चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकानं बाळासाठी एकेक नाव लिहिलं होतं. तन्वीरच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाव काहीपण ठेवा. पण आमच्याच वर्गात घाला.'

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. गोदानं ती खायचा प्रयत्न केला.

"हे यादीत नाय," काकासाहेब म्हणाले, आणि चष्मा पुसायला खिडकीकडं गेले.

श्रेयानं शिक्षकांची खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "बसा, मॅडम."

"आता?" कडुबा म्हणाला. "आता निकाल लागलेला हाये की." त्यानं गोदाकडं बोट केलं.

"रीत असती," माऊली म्हणाला.

मी बसले. बांगड्या माझ्या हातात जाईनात. गोदाच्या हातात कोपरापर्यंत गेल्या. माऊलीनं मोडकं धनुष्य माझ्या एका हातात आणि पट्टी दुसऱ्या हातात दिली. श्रेयानं पाठ फिरवून वाट्यांची अदलाबदल केली आणि समोर ठेवल्या. मी उजवीकडची उचलली. खाली हिरवट, केसाळ असं काहीतरी होतं.

"पेढा," श्रेया म्हणाली.

"म्हणजे चुकलं," माऊली म्हणाला आणि हसला. श्रेयाही हसली. जन्नत हसली नाही. ती डब्याचं झाकण लावून बघत होती, अजून घट्ट बसतं का ते.

"दे," मी म्हणाले. "घासून, लखलखीत करून देते उद्या."

शुक्रवारी, माझ्या शेवटच्या दिवशी, मी डबा चिंचेनं घासून पिशवीत घातला आणि निघाले. दारातच सासूबाईंनी पिशवी चाचपली. "रिकामा? कुणाच्या घरचा डबा रिकामा परत देत्यात का? दोन वर्षं ठेवून घेतला वर." पावणेबारा झाले होते. करणार काय? डबा घरी ठेवला.

शेवटच्या तासाला मी जन्नतला सांगितलं, "रिकामा कसा देऊ? उद्या आणून देते."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"उद्या तुम्ही नाही," जन्नत म्हणाली. "उद्यापासून सोनवणे मॅडम आहेत."

"फाटकापाशी येईन. डबा द्यायला."

"मागच्या वेळीपण 'उद्या'च म्हणाला होतात," ती म्हणाली. रागानं नाही. वहीत तारीख लिहावी तसं म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

ऑफिसात काकासाहेबांनी सगळ्या वस्तूंपुढं खुणा केल्या. 'किल्ली एक' पाशी पेन थांबलं. मी खरं सांगितलं, की कुलूप आता नुसतं अडकवलंय आणि किल्लीशिवाय पोरगी झोपत नाही. मग त्यांनी लिहिलं, 'वापरात.'

"म्हणजे झाले मी कार्यमुक्त?"

"वापरातली वस्तू जमा होत नाय," काकासाहेब म्हणाले. "आणि वस्तू जमा झाल्याबिगर कार्यमुक्त करता येत नाय. राहा तशाच."

शनिवारी शाळा सकाळी साडेसातची. पहाटे पाचला गूळ-शेंगदाण्याच्या वड्या थापायला घेतल्या, त्या मऊ राहिल्या. दुसऱ्या घाण्याचा पाक पुढं गेला आणि वड्यांऐवजी फरशी झाली. राजकुमारची पहिली पाळी, तो गेला. गोदा उठली आणि पहिल्या घाण्यात बसली. तिसरा घाणा सासूबाईंनी काही न बोलता केला, आणि त्यांचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा लागलं. सात वीसला मी गोदाला कडेवर, डबा पिशवीत घेऊन जिना उतरले, तर रिक्षा नाही. निजामुद्दीनचाचांनी अंघोळीचा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून स्कूटरला किक मारली.

पोचले तेव्हा फाटक लागलं होतं. कडुबानं बारीक दारातून वही पुढं केली.

"नाव लिहा. भेटीचं कारण लिहा."

"मला ओळखत नाहीस का रे?"

"वळखतो की. वहीला वळख नसती."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'डबा'.

मान वर केली तर जन्नत फाटकाच्या आत उभी होती. प्रार्थनेची रांग पलीकडं लागली होती आणि ती रांगेत नव्हती. तिच्या मागं थोड्या अंतरावर माऊली आणि श्रेया बुटांच्या नाड्या बांधत होती. श्रेयाच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

मी सळ्यांमधून डबा दिला. जन्नतनं तो हातात जोखला, झाकण काढलं. वड्या रचल्या होत्या, आणि वड्यांच्या मधोमध मी एक छोटी वाटी बसवली होती, लिंबाच्या लोणच्याची. लोणच्याची तशी काही गरज नव्हती.

तिनं वाटीला बोट लावलं. "ही आमची नाही."

"नाही. आमची आहे."

गोदा फाटकाच्या सळीवर किल्ली वाजवत होती.

"मग अम्मी ही रिकामी देऊ देणार नाही," जन्नत म्हणाली.

"नाहीच देणार."

आत घंटा झाली. तिनं झाकण दाबून बसवलं, डबा ओढणीखाली घेतला आणि दोन पावलं जाऊन वळली.

"सोमवारी इथंच या, बाई. आणि उशीर करू नका."